डाव्या पायाची चित्रं

ताई पाट्या रंगवायची. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, मेलेल्यांच्या नावांच्याही. एकदा ओढलेली रेघ तिला पुसावी लागत नसे आणि त्याचा तिला ताठा होता. धाकटा भाऊ संगणकाचा वेडा. तरुणपणी त्यानं एक खेळ लिहिला आणि त्यातली चित्रं काढायला तिला बसवलं.

तेव्हाच्या खेळांतले नायक बेडकासारखे टुणकन उडायचे. भावाला नायक माणूस हवा होता. धावताना झुकणारा, कठड्याला लोंबकळणारा, पडल्यावर चटकन न उठणारा. पडद्यावर गुणांचा आकडाही नको. सिनेमासारखी नुसत्या दृश्यांतून गोष्ट कळायला हवी. म्हणून गोदामामागच्या भिंतीलगत तो स्वतः पळाला आणि ताईनं उसन्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं ते कॅसेटवर टिपलं. मग टीव्हीवर एकेक चित्र थांबवायचं, काचेवर पारदर्शक कागद चिकटवायचा, अंगाची कड गिरवायची आणि ती ठिपक्याठिपक्यानं संगणकात भरायची.

गिरवताना डावं पाऊल दर वेळी जरा खाली यायचं, जमिनीला घासल्यासारखं. तिला वाटलं, कागद सरकतोय. तिनं प्रत्येक चित्रात ते उचलून नीट केलं.

खेळ गाजला. लोक म्हणाले, हा तर जिवंत आहे.

आता भाऊ खाटेवर होता. आजार पायांतून चढत हात खाऊन श्वासाशी आला होता.

"ताई, एकदा मला पळताना बघू दे गं."

तिनं माळ्यावरचा जुना संगणक उतरवला. तो चालू झाला हेच नवल. पण खेळायची वेळ तिच्यावर आली, आणि ती कधी खेळलीच नव्हती.

"अगं, पाटी रंगवतेस का? दाब बटण! माझा जीव तुझ्या बोटात आहे."

"मेल्या, गप्प पड."

"पडलोयच की."

नायक पळाला. बघता बघता भावाचं हसू ओसरलं.

"हा मी नाही. माझा डावा पाय तेव्हाही ओढायचा. एकच चप्पल झिजायची, आई ओरडायची."

तिचं बोट बटणावरच राहिलं. म्हणजे कागद सरकला नव्हता. आजार तिच्या हाताखालून गेला होता आणि त्या हातानं तो सुबक करून टाकला होता.

"तेव्हा कळलं असतं तरी औषध कुठे होतं?" भाऊ म्हणाला. "मला माझा पाय दे, बस."

तिनं जुनी कॅसेट शोधली, काचेवर पुन्हा कागद चिकटवला. पाऊल जिथं घासलं तिथंच ठेवलं. रेघ वाकडी गेली तिथं वाकडीच राहू दिली. जुन्या चित्रांच्या जागी नवी भरून होईपर्यंत भावाचं बोलणं एका श्वासाला एका शब्दावर आलं.

नायक भिंतीलगत पळू लागला, डावा पाय ओढत. काठाशी ताईचं बोट उशिरा पडलं आणि तो खाली गेला.

"चुकले रे."

"हा...," भाऊ म्हणाला. श्वास घेतला. "मी."

तिनं नायकाला पुन्हा पहिल्यापासून पळवलं. भाऊ बघत होता तोवर ती पळवत राहिली.