गुडघ्याचं माप

गास गावच्या वळणावरचे मेकॅनिक काका गाडीशी जास्त बोलतात, माणसांशी कमी. चांगले उंच आहेत, पण गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघताना सीट कधी सरकवत नाहीत. माझे वडील, काका त्यांना भाऊ म्हणायचे, बुटके; सीट अगदी पुढे घेऊन बसायचे. त्यांची गाडी फिरवून आणताना काकांचे गुडघे स्टिअरिंगला टेकायचे आणि वडील गॅरेजच्या फाटकात उभे राहून हसायचे.

वडील गेल्यावर काकांसमोर जायचा मला धीर होईना. गाडी शोरूमला सर्व्हिसिंगला दिली. चकचकीत होऊन आली, आणि दुसऱ्या सकाळी आमच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली ऑइलचा डाग. सीटही कुणीतरी मागे सरकवलेली. वडील गेल्यापासून वर्षभर मी ती हलवली नव्हती, अवघडून तशीच गाडी चालवत होते. आता ती जागा मला काही केल्या सापडेना.

शेवटी गासला गेले. काकांनी गाडीखाली पुठ्ठा पसरला, थेंब कुठे पडतो ते बघितलं.

"ऑइल बदललं, पन वायसर जुनाच ठेवला," एवढंच म्हणाले.

ऑइलच्या नटाखाली नवा वायसर घालून तो आवळला, हात पुसले आणि फेरी मारायला आत बसले. बसले ते थांबलेच.

"सीट कोनी सरकवली?"

"शोरूमवाल्यांनी. किती पुढे होती ते मला आठवत नाही, काका."

त्यांनी खालचा दांडा ओढला आणि सीट एकेक खाच पुढे घेत राहिले. गुडघा स्टिअरिंगला टेकला, तेव्हा दांडा सोडला.

"इथं," म्हणाले. "भाऊ इथं बसायचे."