नानाजीचं डफडं जर्मनीला जातं

राजुऱ्याच्या नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या नानाजी दुर्गेचा पासपोर्ट चोपन्नाव्या वर्षी निघाला, तोही डफड्यामुळे. त्याच्या चर्चमधल्या तरुण मंडळाला जर्मनीतल्या एका गावच्या चर्चनं गायला बोलावलं होतं. पत्रात लिहिलं होतं, तुमच्याकडचं एखादं अस्सल वाद्यही आणा. पोरांना गिटार येत होती, कीबोर्ड येत होता. डफडं फक्त नानाजीला येत होतं.

आता गंमत बघा. याच चर्चच्या वडीलधाऱ्यांनी तीस वर्षं नानाजीचं डफडं दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं. ते वरातीत वाजतं, मयतीत वाजतं, ते सगळं आपण मागं सोडून आलो, असं त्यांचं म्हणणं. नाताळच्या फेरीत फाटकापर्यंत वाजवायचं, मग फाटकाबाहेरच ठेवायचं. नानाजीनं कधी वाद घातला नाही. पण मरायच्या आधी एकदा तरी ते आत, क्रुसासमोर वाजावं, एवढी एक इच्छा त्यानं धरून ठेवली होती. जर्मनीसाठी मात्र वडीलधारे एका बैठकीत राजी झाले. तिकडं वाजवा म्हणाले, तिकडं आपल्याला कोण ओळखतं!

जर्मनीत गेल्यावर रविवारी मंडळ त्या गावच्या चर्चमध्ये पोचलं तेव्हा तिथं सुगीचा सण होता. दाराशी भोपळे मांडलेले, सफरचंदं मांडलेली, आणि गव्हाच्या काडाची कमरेएवढी पेंढी उभी केलेली. बाहेर झिमझिम चाललेली. गाणी सुरू झाली. डफड्याचं गाणं चौथं होतं. नानाजीनं मागच्या बाकावर बसून कातड्यावर बोट मारून पाहिलं, तर ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज.

मंडळाची पुढारी रीता दुसरं गाणं संपवून पाणी प्यायला मागं आली. ती राजुऱ्याच्या शाळेत शिकवायची.

"काका, काऊन असं तोंड पाडून बसले?"

"कातडं उतरलं, माय. शेकल्याबिगर हे बोलत नाई."

"हिटरवर ठेवा ना."

"हिटर कोमट हाय. याले जाळ लागते."

"अजून एक गाणं हाय मधात. तोवर काईतरी करा," म्हणत ती गायला पळाली.

नानाजी डफडं काखेत मारून दाराबाहेरच्या पडवीत आला. तिथं मेणबत्त्यांच्या मेजावर काडेपेटी आणि शेजारीच खडखडीत वाळलेलं काड. आपल्याकडं कोणताही डफडेवाला वाजवायच्या आधी मूठभर तणस पेटवतो. इतक्या दुरून वाजवणारा येणार म्हणून या भल्या लोकांनी सगळी तयारी दारातच करून ठेवली, असं नानाजीला वाटलं आणि त्याला भरून आलं. राजुऱ्यात कुणी त्याच्यासाठी काडीसुद्धा ठेवली नव्हती.

त्यानं अर्धी पेंढी उपसली, दगडी पायरीवर जाळ केला आणि डफडं गोल फिरवत शेकू लागला. धूर दारातून सरळ आत गेला. छताला लावलेली धुराची घंटा किंचाळू लागली. जर्मन माणसं ओरडली नाहीत, पळाली नाहीत. पुस्तकं मिटून रांगेनं बाजूच्या दारातून हिरवळीवर गेली, छत्र्या उघडून उभी राहिली. रीता मात्र धावत आली.

"काका, काय करून राह्यले?"

"शेकून राह्यलो."

"देवाले वाह्यलेलं होतं ते! सणाचं!"

नानाजीनं दोन्ही पायांनी जाळ विझवला. लाजेनं त्याला मान वर करवेना. पाच मिनिटांत आगीचा बंब आला. रीता तिथल्या पाळकाची माफी मागायला गेली.

गिटारवाला आदेश डोकं चालवणारा. तो म्हणाला, "काका, आता इथीच वाजवा. लोकायले मजा येईल."

नानाजीनं बोट मारून पाहिलं. डफडं टणटणीत झालं होतं. या हवेत ते फार तर दहा मिनिटं टिकणार, आणि उद्या परतीचं विमान. बाहेर वाजवायला त्याची ना नव्हती, पण बाहेर तर तो जन्मभर वाजवतच आला होता. समोर चर्चचं दार सताड उघडं होतं. तो आत गेला.

आत एकच माणूस होता, धूर तपासणारा धिप्पाड बंबवाला. त्यानं हात करून बाहेरची वाट दाखवली. नानाजीनं त्याला हात जोडले, क्रुसासमोर जाऊन उभा राहिला आणि वाजवू लागला. बंबवाला दोन पावलं पुढं आला आणि थांबला. कातडं उतरेपर्यंत नानाजी वाजवत राहिला. मग डफडं काखेत घेऊन माफी मागायला बाहेर गेला.

संध्याकाळी राजुऱ्याहून बायकोचा फोन आला. वच्छलानं आधी तेच विचारलं.

"वाजवलं का अंदर?"

"वाजवलं."

"किती लोक होते?"

"एक. बंबवाला."

"एकच?"

"पण त्यानं मले हाकललं नाई," नानाजी म्हणाला.