रागवायला बंदी असलेला मराठीचा वर्ग

रविवारी वर्ग सुटला की मी हॉल झाडतो. खडूचा चुरा निघतो, पेन्सिलींची टोकं निघतात आणि एखादा किस्साही निघतो. चुरा फेकून देतो. किस्से मात्र साठत गेले.

आमच्या पुरानी बस्तीतल्या मंडळाचा हा मराठीचा वर्ग. मी कुलूप उघडतो, सतरंजी घालतो, चहा करतो. शिकायला येतात मराठी घरची, पण हिंदी बोलणारी पोरं. आणि एक मोठी, सरिता. माहेर इथल्याच बीरगांवचं, छत्तीसगढी, सासर मराठी. सासूबाई मुलाशी, मुलीशी मराठीत बोलतात. सुनेशी हिंदीत, तेही "आप" म्हणून!

"काका, मैं उस घर में मेहमान हूँ," ती मला एकदा म्हणाली. तेवढ्यासाठी बिचारी पोरांत बसते.

*

वर्ग घेणाऱ्या मीनल मॅडमनी ऑनलाइन कोर्स केला. आनंदी मन भाषा लवकर शिकतं म्हणे. तेव्हापासून वर्गात रागवायचं नाही, 'चूक' म्हणायचं नाही. कोणी चुकलं, की "वा, छान प्रयत्न!" आणि टाळ्या.

पिंटू भिंतीकडे बोट दाखवून "हा भिंत" म्हणाला. टाळ्या! "हा खिडकी" म्हणाला. आणखी टाळ्या!

शेवटी त्यानेच विचारलं, "मॅडम, गलत पे ताली है, तो सही पे क्या है?"

*

भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता लागला. आल्याबरोबर आपलं मन कसं आहे, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. मॅडमनी मलाही सोडलं नाही.

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

पुढच्या रविवारी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, हे मागच्या आठवड्याचं झालं. आजचं?"

अजून विचार करून राहिलो.

*

एकदा मॅडम म्हणाल्या, "घरी ऐकलेलं मराठी सांगा."

पोरं सुटलीच! "डोकं फिरलं का?" "गप बस!" "कान उपटीन!" "पोट्ट्या, थांब तू!" एकाचीही चूक नाही.

मॅडमचा चेहरा पडला. "अरे, प्रेमाने काय म्हणतात?"

"बेटा, खाना खा लो."

"मराठीत सांग ना."

पिंटूची बहीण समजावणीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, प्यार तो हिंदी में करते हैं. मराठी गुस्से में निकलती है."

दाराशी तिचे वडील स्कूटर घेऊन उभे होते. त्यांना फार लागलं. "मॅडम, ही खोटं बोलते! आमच्या घरी मराठीच चालते!" आणि पोरीकडे वळून, "चलो बेटा, सदर बाजार में जाम लग जाएगा."

सरिता मात्र पोरांकडे टक लावून बघत होती. पंगतीत आपल्याच पानावर काही वाढलं नाही, तसं तोंड झालं होतं तिचं.

*

मग गृहपाठ मिळाला: घरात कोणाची तरी मराठीत स्तुती करा. पिंटू वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्ही खूप चांगले आहात."

वडील ताडकन उठले. "क्या तोड़ा?"

सरितानेही केली. "आई, भाजी छान झाली." सासूबाई हसून म्हणाल्या, "धन्यवाद. आप और लीजिए ना!"

त्या रविवारी तिने चहा घेतला नाही.

*

वर्गाच्या सुरुवातीला आठवड्यातल्या तीन चांगल्या गोष्टी मराठीत सांगायच्या, असा मॅडमचा नियम. सरिता नेहमी पाठ केल्यासारखं सांगे: ऊन पडलं, फूल फुललं, मी आनंदी आहे.

परवा ती उशिरा आली. डोळे लाल. तरी हात वर केला तिने.

"दूध उतू गेलं."

मॅडम म्हणाल्या, "सरिता, चांगल्या गोष्टी हव्यात गं."

"हव. दुसरी, आई रागावल्या."

"अरेरे! आणि तिसरी?"

सरिताने पदर खोचला. कमरेवर हात ठेवले. आवाज थेट सासूबाईंचा.

"काहून वं सरिते, ध्यान कुठं होतं तुयं? सारं दूध गेलं ना वाया!"

टाळ्या वाजवा, असं मॅडमना सांगावं लागलं नाही.