गावता तेव्हा गेलेलो असता

नलीची बातमी आली तेव्हा मी आचऱ्याच्या आमच्या बर्फ कारखान्यात, बर्फ फोडायच्या मशीनपाशी उभा होतो. फोनवर कुणी बाई काही सांगत होत्या आणि मी ओरडत होतो, "किती लाद्या पाहिजेत?" तीनदा विचारलं. मग मशीन थांबवलं... माझी धाकटी बहीण आदल्या संध्याकाळी पुण्यातल्या तिच्या खोलीत, दाराच्या आतच कोसळली होती. एकटी राहायची. सकाळी सापडली. सख्ख्या बहिणीच्या मरणाची ऑर्डर घ्यायला निघालेला जगात मी एकटाच असेन.

ती प्रयोगशाळेत अणू थंड करायची, म्हणून मी गावभर सांगायचो, "बहीणही बर्फाच्याच धंद्यात आहे." ऐकून ती वैतागायची. "दादा, बर्फ न्हय रे! माझ्या अणूंका तुझो बर्फ म्हणजे भट्टी." मग एकदा मे महिन्यात पडवीत बसून तिनं समजावलं. बर्फ गोठवायला आमच्या टाकीच्या पाण्यात जे मीठ पडतं, त्यातलाच सोडियम घ्यायचा, हवा काढलेल्या भांड्यात लेसरच्या उजेडानं तो इतका थंड करायचा की अणू जागीच रेंगाळतात. उजेड आणि चुंबक मिळून सापळा. त्यात उजेड प्यायलेले दोन अणू एकमेकांवर आले की जोडी जमते, एक इलेक्ट्रॉन निसटतो, आणि उरतो तो आयन. त्याला सापळा धरू शकत नाही. तो सुटतो, मोजायच्या यंत्रावर आदळतो, टक वाजतं; तो सापडला हे तेव्हाच कळतं.

"म्हणजे गावलो आणि गेलो?"

"उलटा रे. तो गावता, तेव्हा गेलेलो असता." मग म्हणाली, "येऊन आयक एकदा. तुझ्यासाठी स्पीकर लावलंय."

नारळी पौर्णिमा झाली की येतो, म्हटलं. मग गणपती झाले की. मग मासळीचा हंगाम... संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरी पोचली की ती मला मिस्ड कॉल द्यायची, एकच रिंग. मशीनच्या आवाजात ती मला एकदाही ऐकू आली नाही. जेवताना कधीतरी फोनवर तिचं नाव बघायचो, बस्स. त्या संध्याकाळी रिंग आली नाही. आणि मी फोन बघितलाही नाही. बघितला असता तर? डॉक्टर म्हणतात, काही फरक पडला नसता. डॉक्टरांना काय जातंय!

तेरावं झाल्यावर तिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिच्या विद्यार्थिनीनं, सईनं, दिवे घालवले. काचेआड वाटाण्याएवढा पिवळा उजेड लोंबत होता. टक.

"गेला?"

"हो काका."

"परत धरता येईल त्याला?"

"तो नाही... दुसरे आहेत ना."

मी तासभर तिथं बसलो. दर टकला तोंडातून "थांब गो" निघत होतं. सई बिचारी भिंतीकडे बघत होती.

आता संध्याकाळी सहाला मी मशीन बंद करतो. होडीवाले खोळंबतात. परवा एकानं हाक दिली, "शेठ, लाईट गेली काय?"

"नाय रे," म्हटलं, "मी आयकतंय."

फोन हातात धरून उभा राहतो. बर्फाचं पाणी चपलांखालून वाहत जातं. लोक थांबलेले असतात, आणि मशीनच्या बटणाकडे हात जात नाही.