लालीबाईने पारखलेल्या मोटारी

बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातली लालीबाई बसली, की त्या जागेची परीक्षाच असायची. देह ऐसपैस, त्यावर आरशांनी मढवलेला घेरदार फेटिया घागरा आणि दंडापर्यंत बलिया बांगड्या. बैलांच्या दमणीत ती चढली की बाकीच्यांनी पायी यावं, अशी तांड्यात रीतच पडून गेली होती. तिचा नवरा रामलाल तर लग्नापासून पायीच चालत होता.

अशा लालीबाईला दारव्ह्याच्या दोन बड्या माणसांनी आपणहून मोटारीत बसवलं. त्याला कारण त्यांचं आपसातलं भांडण. साठ-एकसष्टची गोष्ट. सदाशिवराव वकिलांनी ॲम्बेसेडर घेतली आणि समोरच्या नंदकिशोर डॉक्टरांच्या दारात लगोलग फियाट उभी राहिली. दोघे बालमित्र, त्यामुळे एकाचं बरं दुसऱ्याला बघवत नसे. वकील म्हणत, डॉक्टरच्या गाडीत माणूस बसत नाही, घडी करून ठेवावा लागतो. डॉक्टर म्हणत, वकिलाच्या गाडीत शेजारच्याशी बोलायचं तर हाक मारावी लागते. लालीबाई तूप घेऊन वकिलांच्या ओसरीवर आली, तेव्हा हा वाद ऐन रंगात होता. तिला पाहून दोघांनाही एकाच वेळी सुचलं, की निवाडा हिनेच करावा. हिला जी मानवेल ती गाडी खरी.

लालीबाईने गाडगं खाली ठेवलं आणि यात माझं काय, असं रोखठोक विचारलं. माग काय हवं ते, म्हणाले वकील.

तिची एकुलती एक लेक जमनी उन्हाळ्यात सासरी जाणार होती, तीही पार ढाणकीकडे. तांड्याच्या रीतीने नवरी सजवलेल्या बैलावर उभी राहते, हात उंचावून हवेली, म्हणजे निरोपाचं गाणं, गाते, सगळ्यांचा रडून निरोप घेते आणि दमणीतून निघते. आईने मागेच थांबायचं. त्या विचाराने लालीबाईची झोप उडाली होती. वाटेतल्या आर्णीपर्यंत तरी लेकीच्या शेजारी बसून जावं, एवढीच तिची इच्छा. आई दमणीत शिरली असती तर तांड्याने नावं ठेवली असती. मोटारीबद्दल मात्र वाडवडिलांनी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. म्हणून तिने लग्नाला मोटार मागितली, आणि दोघांनीही तिथल्या तिथे शब्द दिला.

मग पारख सुरू झाली. ॲम्बेसेडरमध्ये तिने मांडी ठोकली, सीट दाबून पाहिली आणि उभ्या गाडीत काय कळणार म्हणून बोरीच्या बाजारापर्यंत फिरवून आणायला लावलं. पुढच्या बाजाराला फियाटची पाळी. मग उपाशीपोटी झालं, भरल्यापोटी बघायचं राहिलं. एकटीने झालं, नवऱ्यासोबत राहिलं. रामलाल आयुष्यात पहिल्यांदा बसून बाजाराला गेला आणि वाटेतच घोरायला लागला. वकिलांनी मागच्या सीटवर गादी घातली. डॉक्टर पुढची सीट इतकी पुढे ओढून बसत, की चाक पोटाला लागे. निकाल विचारला की लालीबाई गंभीर होऊन म्हणायची, "अजून एकडाव बसून पाहा लागन." तिचं तूप मात्र हल्ली सगळ्यांच्या आधी बाजारात पोचत होतं.

एकदा तिने जमनीला बरोबर नेलं. ॲम्बेसेडरमध्ये पोर त्या टोकाच्या खिडकीला जाऊन बसली आणि दोघींच्या मध्ये तुपाची टोपली आरामात मावली. फियाटमध्ये मायलेकींचे फेटिये एकमेकींत गुंतले, खड्डा आला की जमनी आईच्या खांद्यावर पडे, आणि शेवटी ती तिथेच झोपली.

लग्नाच्या दिवशी दोन्ही गाड्या धुऊनपुसून, हार घालून तांड्यात हजर झाल्या. जमनी बैलावर उभी राहून गायली. सगळा तांडा रडला, आणि वकिलांनीही उपरण्याने डोळे पुसले. मग दोघांनी आपापली दारं उघडून धरली आणि निकाल मागितला.

लालीबाई आधी वकिलांकडे गेली. "वकीलसाहेब, तुमचीच जिंकली. गंज मोकळी जागा, गादीवानी सीट. असी गाडी मी पाह्यली नाई."

वकिलांची छाती फुगली. तेवढ्यात तिने रामलालला खूण केली. पितळी हंडे, गोधड्या, ज्वारीची पोती, नवरदेव, त्याचे बिड्या ओढणारे काके आणि आंदण दिलेली शेळी, सगळं ॲम्बेसेडरमध्ये चढलं. जमनीचा हात धरून ती स्वतः फियाटकडे वळली. गाडी माझी जिंकली ना, मग हे काय, असं वकिलांनी विचारलं.

"जिंकली म्हून त सारं तुमच्यात भरलं," ती म्हणाली. "ह्या गाडीत पोट्टी अंगाले लागून बसते."

आर्णी आली. डॉक्टरांनी गाडी थांबवून खाली उतरून दार उघडलं. मागे कोणी हललं नाही. जमनीने आईचा दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"मी अडकली, डाक्टरसाहेब," लालीबाई समोर बघत म्हणाली. "लहान गाडी तुमची. उतराले जागाच नाई."

आपल्या गाडीला ठेवलेलं नाव डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मुकाट ऐकून घेतलं. त्यांनी दार लावलं आणि गाडी ढाणकीच्या रस्त्याला घातली.