रतनबाईचं विरजण

त्या साली नेकनूरकडच्या त्या गावात शेण मिळेनासं झालं. पाऊस नव्हता, चारा नव्हता, म्हणून सगळी जनावरं चारा छावणीत गेलेली. आणि नेमक्या त्याच साली सरकारने ठरवलं की, शेतकऱ्याच्या शेणापासून गॅस करायचा, तो शुद्ध करून टाक्यांत भरायचा आणि त्यावर मोटारी पळवायच्या. धोरण चांगलंच होतं. गावातल्या मोहनरावांनी लगोलग गॅस सहकारी संस्था काढली, स्वतः चेअरमन झाले, आणि गावाबाहेर दुमजली घराएवढी हिरवी टाकी उभी राहिली.

नियमांनी मात्र मजा केली होती. छावणीतलं शेण छावणीवाल्याचं, ते बाहेर न्यायचं नाही. प्रकल्पाला पाण्याचा टँकर मंजूर, पण ते पाणी शेण कालवायलाच वापरायचं. आणि जे जनावर छावणीत नाही, ते सरकारच्या लेखी तहानलेलंच नाही.

असं एकच जनावर गावात उरलं होतं. रतनबाईची तांबू. गाय गाभण होती. "पहिलटकरीन परक्याच्या दावनीला धाडू काय?" असं म्हणून साठीच्या रतनबाईने तिला घरीच ठेवलं. कडबा कसाबसा पुरत होता, पण हातपंप आटला आणि तांबू पाण्याची कोरडी दोण चाटू लागली.

अशात एक दिवस संस्थेचा इंजिनीयर शहादेव दारात आला. तलवाड्याचं पोरगं, नवीन नोकरी, भलताच हुरूप.

"मावशी, रोजचं ताजं शेण द्या. त्यातल्या जंतूंमुळं गॅस होतो. ते जितं ठेवायचे. पाऊस पडला, जनावरं परतली, की टाकी भरायची आन् हे त्यात सोडायचं."

जंतू म्हटल्यावर रतनबाईने नाकाला पदर लावला.

"अवो, विरजण! दुधाला लावता तसं."

"आत्ता गं बया! विरजन व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं?"

टाकीपाशी राखण नव्हती, म्हणून विरजणाचं निळं टिपाड रतनबाईच्याच अंगणात, लिंबाखाली ठेवलं. शहादेव रोज प्रकल्पाचं पाणी आणायचा. थोडं टिपाडात जायचं, बाकीचं तांबूच्या दोणीत. मोहनराव ते बघून न बघितल्यासारखं करायचे. अनुदानासाठी सरकारी पाहणी व्हायची होती, आणि पाहणीत दाखवण्यासारखं संस्थेकडे ते टिपाडच होतं.

पाहणीच्या दिवशी साहेब सकाळी यायचे होते. महिलेच्या हस्ते टाकीत विरजण सोडायचं, नारळ फोडायचा, फोटो काढायचा, असा बेत. मंडप घातला, गाव ताटकळलं. साहेब आले तेव्हा रतनबाई देवापुढे दिवा लावत होती.

मोहनराव धावतच अंगणात आले. "रतनकाकू, चला, टिपाड उचलायचंय. सायेब टाकीवर थांबलेत."

"आता? दिवे लागले की."

"मग?"

"दिवे लागल्यावर विरजन घराभाईर जातंय का? तुमच्या घरून कवा कुनाला दिलंय? केशरबाईला इचारा, तुमच्या आईला."

"काकू, शेण हाय ते!"

"तुमच्याच इंजिनीयरनं सांगितलं विरजन हाय म्हनून. का रं शहादेवा?"

शहादेव टिपाडाचं झाकण नीट करू लागला.

"माझी गाय भरल्या दिसांची हाय," रतनबाई म्हणाली. "तिच्या गोठ्यातलं विरजन तिन्हीसांजंला घालवू व्हय?"

मोहनरावांचा आवाज चढला. "मग उद्यापासून पाणी बंद. टिपाडाचं बी आन् गायीचं बी. दोनीत कुनाचं पाणी जातंय, ते काय मला ठावं न्हाई?"

रतनबाईने तांबूकडे पाहिलं. तांबू दोणीत तोंड घालून उभी होती.

"घराभाईर जात न्हाई म्हनलं मी," रतनबाई सावकाश म्हणाली. "घरातल्या घरात लावायला कुनी आडवलंय? सायबालाच आना हितं."

साहेब दिवसभर फिरून दमले होते. त्यांना टाकी काय आणि अंगण काय. पहिल्या टिपाडाशेजारी दुसरं रिकामं टिपाड मांडलं, रतनबाईने त्यात तांब्याभर विरजण ओतलं, नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढून तिथूनच वर पाठवला. त्या फोटोवर जागेचा ठावठिकाणा आपोआप उमटतो, हे शहादेवला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी त्याला कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात टँकर हिरव्या टाकीकडे न वळता थेट गावात शिरला. टँकरचा ड्रायव्हर सटवा मोबाइल दाखवत म्हणाला, "प्रकल्प हितंच दावतोय."

मोहनराव तालुक्याला जाऊन भांडून आले. जागा बदलायची तर पाहणी नव्याने होईल आणि तोवर अनुदान थांबेल, असं उत्तर मिळालं. ते मुकाट्याने परतले.

तेव्हापासून प्रकल्पाचं पाणी रतनबाईच्या अंगणात उतरतं. टिपाडांना तांब्याभर मिळतं, बाकीचं दोणीत आणि शेजारणींच्या घागरींत. तांबू सुखरूप व्याली. हिरवी टाकी अजून कोरडी ठणठणीत आहे.

परवा टँकरला उशीर झाला. दिवेलागण झालेली बघून सटवाला चेष्टा सुचली. "आजी, दिवे लागले. पाणी वतू, का सकाळी येऊ?"

रतनबाईने दोणीवरचं फडकं काढलं. "वत मुकाट्यानं. तिन्हीसांजंला द्यायचं नसतंय. घ्यायला कोन न्हाई म्हनलंय?"