उसाच्या गाडीत मास्तर निजला

आधीच कबूल करते, असले अनुभव मी जेवताना वाचते आणि हसते. पिंपळावरची बाई, मागून आलेली हाक… आमच्या घरात या गोष्टींना कधी थाराच नव्हता. वडील शाळामास्तर. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. लहानपणी कुणी भुताचं नाव काढलं की ते म्हणायचे, "पत्ता आण, भेटून येऊ." त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

मी नाशिकला एका छोट्या ग्रंथालयात काम करते. जुनी पुस्तकं स्कॅन करायची, मग कॉम्प्युटर ती वाचतो. नंतर आपण तीन-चार शब्द टाकले की ते शब्द ओळीने ज्या ज्या पुस्तकात आलेत, ती पानं समोर येतात. शब्द मराठीत टाकले तरी हिंदी, गुजराती, इंग्रजी पुस्तकांतली त्याच अर्थाची ओळ तो शोधून आणतो. गुजराती माझ्या सोबतच्या पठारे मॅडम बघतात, त्यांचं माहेर सुरतेचं.

सकाळी काम सुरू करण्याआधी आमची एक पद्धत आहे. कुठल्याच पुस्तकात असणं शक्य नाही असे चार शब्द टाकायचे. उत्तर शून्य आलं पाहिजे. काही सापडलं तर समजायचं की मशीन चुकीचं वाचतंय. असे शब्द जुळवण्यात मी पटाईत. 'हत्तीने चष्मा उसना दिला', 'मामलेदाराच्या टोपीत शिजल्या शेवया'… पठारे मॅडम म्हणतात, "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय, म्हणून तुला हे जमतं."

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी टाकलं — 'उसाच्या गाडीत मास्तर निजला'. का? काही कारण नाही. येताना रसवंती दिसली असेल.

पाच पुस्तकं आली.

मला वाटलं, झालं, मशीन बिघडलं. पानं उघडून बघितली तर ओळ स्वच्छ छापलेली! मराठी पुस्तक शेतीचं, त्यात खतांच्या मधोमध. हिंदी प्रवासवर्णनात घाट चढता चढता. इंग्रजी दोन, एक औषधांचं आणि एक व्याकरणाचं. आणि गुजराती पाककृतींच्या पुस्तकात चक्क लोणच्याच्या मसाल्याखाली. कशाचा कशाला पत्ता नाही. मी कपाटातून मराठी आणि गुजराती पुस्तकं काढून आणली. कागदावरही तेच. पठारे मॅडमनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, लोणच्यात मास्तर कुठून पडला?" आम्ही दोघी पोट धरून हसलो.

साडेबाराला दादाचा फोन आला. दादा, वहिनी आणि आप्पा तेव्हा गावी, नदीकाठच्या सायखेड्याला राहत होते. दोन वर्षांपासून आप्पांना विसर पडत चालला होता. आधी नावं गेली, मग रस्ते.

"सुमे, आप्पा सकाळपासून घरात नाय. लय शोधलं. चपला नदीच्या पायऱ्यांवर सापडल्या. पोरं पाण्यात उतरलीत… तू निघ."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादा, उसाच्या गाड्या बघितल्या का?"

"येड लागलं का तुला? इथं माणसं पाण्यात हायेत अन् तू गाड्या काय सांगती?"

"बघ ना रे. एकदा बघ." मी रडायलाच लागले.

तेवढ्यात वहिनीने त्याच्या हातातून फोन घेतला. "मी जाते बघून, वन्सं. बघायला काय जातंय? तुम्ही रडू नका."

पठारे मॅडमनी गाडी काढली. रस्ताभर मी मनातल्या मनात नको नको ते बघत होते. शिलापूर ओलांडलं आणि फोन वाजला. वहिनी हुंदके देत होती. "सापडले वन्सं! हायेत… चांगले हायेत."

नदीपासून कोसभर एका मळ्यात ऊसतोड चालू होती. तीन रिकाम्या ट्रॉल्या उभ्या होत्या. तिसरीत आप्पा उसाचं वाळलेलं पाचट अंगावर ओढून गाढ झोपले होते. तोडणीच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवर चढत होत्या. वहिनी ओरडली तेव्हा पहिली मोळी पडायच्या बेतात होती. त्यातली एक बाई नंतर माझे हात धरून सारखं म्हणत होती, "आवं, आमाला नुसतं पाचटच दिसलं वो… म्या टाकलीच असती."

मी पोहोचले तेव्हा आप्पा बांधावर बसून त्याच बाईने दिलेली भाकरी खात होते. दादा कमरेपर्यंत ओला, शेजारी मातीतच बसलेला. मला बघून एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. मीही रडले, मग हसले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच चार शब्द पुन्हा टाकले. शून्य! पाचही पुस्तकं काढली. खतं जागच्या जागी, लोणच्याचा मसाला जागच्या जागी, मध्ये ओळ नाही. खाडाखोड नाही, पान फाटलेलं नाही. पठारे मॅडमनी लोणच्याच्या पानावर पुन्हा बोट फिरवलं. "मी वाचलं होतं गं. बोट ठेवून वाचलं होतं."

शब्द मला सुचले, ते समजू शकते. वडील मास्तर, दिवस उसाचे… जमतो योगायोग. पण छापलेलं कुठून आलं आणि कुठे गेलं? आप्पांनी शिकवल्याप्रमाणे खूप डोकं लावून पाहिलं. शेवटी सोडून दिलं.

आता आप्पा आमच्याकडे नाशिकलाच असतात. दिवसा एक मावशी येतात, दाराला वर कडी बसवली आहे. मला ते कधी सुमन म्हणतात, कधी नुसतंच 'बाई'. परवा जेवताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमचे वडील काय करतात?"

म्हटलं, "मास्तर होते. आता घरीच असतात."

"बरं आहे," म्हणाले, आणि वरणभात कालवायला लागले.